खारीच्या टोपल्या आणि विजयाताईंचा संशय

विजयाताई सुर्वे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या पिशवीमुळे झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बदली होऊन मुंबईतल्या जुन्या वृत्तपटांच्या एका संग्रहात रुजू झालो. पहिल्याच संध्याकाळी कोठाराच्या दाराशी ताईंनी मला थांबवलं. "पिशवी उघडा," म्हणाल्या. आत जेवणाचा रिकामा डबा आणि छत्री होती. त्यांनी छत्रीही उघडून पाहिली. त्या माझ्यासारख्याच भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीत राहतात हे कळलं तेव्हा मला काही फार आनंद झाला नाही.

ताई संग्रहाची सूची करत. माणसांपेक्षा त्यांचा अविश्वास फिल्मच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर जास्त. "चिठ्ठी लिहिणाऱ्याने फिल्म पाहिली होती कशावरून?" असं विचारून त्या डबा उघडत.

त्या वर्षी परदेशी चित्रणं नष्ट करायची यादी निघाली. तिच्यातल्या एका डब्यावर लिहिलं होतं: 'पूर्वेकडील बेट. लोकजीवन, हस्तकला, युद्धकालीन विमानतळ.' ताईंनी ती फिल्म पाहिली. वाळत घातलेली जाळी, मिठाच्या राशी, टोपली विणणारा म्हातारा, आणि शेवटी धावपट्टीसाठी टोपल्यांतून दगड वाहणारी माणसं. ताईंनी यादीवर सही केली नाही. वरिष्ठ चिडले. "बेट म्हणजे दूरचंच असणार ना, बाई?"

"साहेब, भाईंदरही बेटावरच आहे. साष्टीच्या," ताई म्हणाल्या. वरिष्ठांनी पुरावा आणायला पंधरा दिवस दिले.

दोनच दिवसांनी त्या फिल्ममधले फोटो ताईंनी पाकिटात घालून पर्समध्ये टाकताना मी पाहिले. सगळ्यांच्या पिशव्या तपासणाऱ्या बाई स्वतःच फोटो बाहेर नेतायत! कुणाला विकत असतील? रविवारी त्या तेच पाकीट घेऊन निघाल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण ताईंविषयीच्या लेखात काही लपवणं शोभणार नाही.

त्या खारी गावात गेल्या. इमारतींनी चहूबाजूंनी वेढलेल्या त्या गावात तेव्हा फोटो आणि कागद घेऊन येणारा प्रत्येक जण बिल्डरचा माणूस ठरे. देवळासमोर चार-पाच जणांनी ताईंना अडवलं. मी जवळच्या वडाआड लपून ऐकत राहिलो.

"कोनाच्या तुमी? जमिनीचा काय हाय ता आदी सांगा."

"जमिनीचं काही नाही. फक्त फोटो बघा."

"आज फोटो, उद्या अंगठा."

ताईंनी पाकीट पायरीवर ठेवलं आणि स्वतः दहा पावलं मागे सरल्या. "मी हात लावत नाही. सही नको, नावही सांगू नका. या टोपल्या कुणाच्या हातच्या असतील, तेवढंच सांगा."

कुणी हललं नाही. शेवटी हिराआजी नावाच्या एक वृद्ध बाई पुढे आल्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि टोपलीच्या काठावर बोट ठेवलं. "ह्यो दुहेरी पीळ माज्या बापाचा. दुसऱ्या कोनाला येत न्हवता."

ताईंना तेवढ्याने समाधान नव्हतं. टोपली कुठेही जाऊ शकते. बोलता बोलता कळलं की युद्धाच्या काळात आजींचे वडील खाडीतून होडीने विमानतळाच्या कामावर टोपल्या पोचवत आणि संध्याकाळी घरी परतत. म्हणजे धावपट्टी जवळपासचीच. मग आजींनी टोपली उचललेल्या एका माणसावर बोट टेकवलं. "ह्यो माजा भाव काय? तितंच कामाला गेलता. परत न्हाय आला."

सगळे ताईंकडे बघू लागले. हो, हाच तुमचा भाऊ, असं म्हणणं सोपं होतं.

"चेहरा दिसत नाही, आजी," ताई म्हणाल्या. "मी हो म्हणणार नाही. पण फिल्म हलती आहे, ती तुम्हाला दाखवीन."

परतताना त्यांनी मला वडापाशी गाठलं. मी लपलोय हे त्यांना मघाशीच दिसलं होतं. मी चाचरत कबुली दिली. त्यांनी पर्समधून फोटो नेण्याचा लेखी परवाना काढला. "पाठलाग करण्याआधी विचारायचं होतंत. दाखवला असता." हा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हिराआजींना कार्यालयात आणलं. पडद्यावर तो माणूस टोपली उचलून चालू लागला. आजी चार पावलं बघत राहिल्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "माजा भाव लंगडत चालायचा."

ताईंनी त्यांचा हात धरला. मग आजी म्हणाल्या, "पन टोपली आमचीच. परत लाव."

ताईंनी ती फिल्म तीनदा लावली. डबा नष्ट होण्यापासून वाचला. नव्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: 'साष्टीचा किनारा असावा. टोपल्या खारी गावच्या. माणसांची नावं अज्ञात.' ते 'असावा' खोडायला वरिष्ठांनी सांगितलं, ताईंनी खोडलं नाही. पुढे हिराआजी आजारी पडल्या, तेव्हा वडिलांच्या हातच्या टोपलीचा तो फोटो ताईंनी रीतसर परवानगी घेऊन त्यांच्या उशाशी लावला.

यंदा विजयाताई साठ वर्षांच्या होत आहेत. संग्रहात न उघडलेले डबे अजून पुष्कळ आहेत. ते सगळे पाहून होतील इतकं आयुष्य त्यांना लाभो, नजर तीक्ष्ण राहो, गुडघे धड राहोत, आणि कुणाला खोटा दिलासा न देण्याचं त्यांचं बळ आम्हा धाकट्यांच्या वाट्याला थोडं तरी येवो.