उलटी उकललेली पिशवी

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते.

वडील गेल्यावर आई रद्दीच्या कागदी पिशव्या करून मंडईजवळच्या एका दाणे-फुटाण्याच्या दुकानात द्यायची. नारायण पेठेत आमची एकच खोली. खळीचा आंबूस वास कपड्यांनाही यायचा. कॉलेजात मुली लांब बसायच्या. बसोत!

बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. ते हुकलं तर मामाने आणलेल्या स्थळाला 'हो' म्हणायचं, असं घरात ठरलेलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच आईला म्हटलं, "त्या जुन्या वह्या घे रद्दीत." हॉल तिकीट त्यातल्याच एका वहीत होतं... वहीच्या पानाएवढंच. आईला वाचता येत नव्हतं. हात चालायचे, ती कागदाकडे बघायचीही नाही.

रात्रीत केलेल्या पिशव्या तिने पहाटेच दुकानात पोचवल्या. सकाळी शोधते तर — तिकीट नाही. दुपारी दोनला पेपर, आणि त्याशिवाय आत सोडत नसत. दोघी धावत दुकानात गेलो.

"अहो मावशी, सकाळपासून निम्मं पुणं दाणे घेऊन गेलं," दुकानदार म्हणाले. "आता दारोदार जाऊन पिशव्या परत मागू?"

उरलेल्या पिशव्या पाहिल्या. त्यांत नव्हतं. मी रडायला लागले. आईने एक रिकामी पिशवी उचलली, पायरीवर बसली आणि ती उकलायला लागली. शेवटची घडी आधी, मग तिच्या आधीची... सावकाश.

"आई, हे काय करतेस?"

"माझ्या हातनं गेलंय, माझ्याच हातनं यील. गप ऱ्हा."

कागद पुरता सपाट झाला, आणि एक आजोबा तणतणत आले. "खवट दाणे विकता होय?" त्यांच्या हातातल्या पिशवीवर माझा फोटो होता.

दुकानदारांनी दाणा चावला. "चांगला तर आहे." आजोबांनीही पुन्हा खाल्ला आणि थबकले. "मघाशी कडू लागला हो..."

आईने ती पिशवी उकलली. नखाने दाबलेल्या घड्या, खळीने चिकटवलेल्या कडा — आणि तिकिटावर एक सुरकुती नाही, खळीचा डाग नाही! दुकानदारांनी ते दोनदा उजेडात धरून पाहिलं.

कागदाला घडी घालणं ही जादू असू शकते का? आईला विचारलं तेव्हा "मला काय ठावं" म्हणून तिने पुढचा कागद ओढला.

दोनचा पेपर मी दिला. बी.कॉम. झाले, सेकंड क्लास. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी.