कट्टी राहिली ती राहिलीच

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे माझ्यासारख्या बाईला बघूनच कुणीतरी म्हटलं असणार. माझ्या लेकीची जिवलग मैत्रीण घर सोडून जाणार, हे मला महिनाभर आधी ठाऊक होतं आणि मी ते लेकीपासून लपवलं.

मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुटुंब आमच्या दारासमोरच भाड्याने राहायचं. दोघी मुली तिसरीत, एकाच वर्गात. शाळेतून आल्या की दप्तरं फेकायची आणि दोन्ही घरांची दारं सताड उघडी. कोण कुणाकडे जेवलं, हे आम्हा आयांना भांडी घासताना कळायचं. मग मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना घर परत हवं झालं. तिच्या वडिलांनाही नाशिकला काम मिळत होतं. तिच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा मीच म्हटलं, "पोरींना कळू देऊ नका हं. घर डोक्यावर घेतील. त्यात परीक्षा तोंडावर आलीये."

"ताई, पण निदान एकदा नीट भेटू दे ना दोघींना," ती म्हणाली.

"भेटून काय, रडारडच ना? आपण गुपचूप उरकून टाकू."

उरकून टाकू! काय पण शब्द सुचला मला.

ते निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, खाली सायकलच्या पाळीवरून दोघींची जुंपली. माझी लेक तणतणत वर आली. "मी कट्टी घेतलीये तिच्याशी. कायमची!" अशा कायमच्या कट्ट्या दर आठवड्याला व्हायच्या. करंगळी दाखवली की कट्टी. पण बट्टी करायची तर समोरासमोर उभं राहून बोटांना बोटं लागलीच पाहिजेत, असा त्यांचा कायदा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती व्हायचीच. आणि मला, खोटं कशाला बोलू, चक्क हायसं वाटलं. म्हटलं, आयतंच झालं. रागात आहे तोवर जाऊ देत ते. आई आहे की कोण मी, असं आता वाटतं.

रविवारी सकाळीच तिला उठवलं आणि वसईला माझ्या माहेरी, वाडीत घेऊन गेले. दिवसभर ती मजेत होती. निघताना तिने फ्रॉकच्या ओच्यात चार चिकू घेतले. "तिला आवडतात. संध्याकाळी बट्टी करताना देईन," म्हणाली. माझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. मी पिशवी भरायला लागले.

परत आलो तर समोरच्या दाराला कुलूप. चपलांचा स्टँड नाही, दारावरचं तोरण नाही. लेक तिथेच उभी राहिली.

"मी कट्टी घेतली म्हणून गेली का ग ती?"

"छे, वेडी की काय! अचानक ठरलं असेल त्यांचं. मलाही आत्ताच कळतंय."

जीभ जराही अडखळली नाही माझी. ज्या परीक्षेसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यातला गणिताचा पेपर तिने अर्धा कोरा सोडला.

आठवड्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघी आधी लाजल्या. मग ती म्हणाली, "मी तुमची बेल वाजवली होती. खूप वेळ. बट्टी करायला." दोघींनी स्क्रीनवर बोटं टेकवली. माझी लेक म्हणाली, "नुसती काच लागतेय."

मग तिने विचारलं, "तुमचं अचानक ठरलं ना?"

"नाही ग. आई म्हणते, कधीचंच ठरलेलं. काकूंना माहीत होतं."

कॉल संपला. लेकीने आदळआपट केली असती तर मी सोसली असती. तिने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी कट्टी घेतलीच नसती."

मी तिची माफी मागितली. कान धरून मागितली. मग भाड्याच्या घराचं सगळं समजावलं. अकरा महिन्यांचा करार असतो, तो संपला आणि मालक नाही म्हणाला की सामान उचलायचं, त्यात कुणाच्या भांडणाचा संबंध नसतो. तिने सगळं ऐकून घेतलं. एक प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, मिटलं.

परवा खालच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले. त्यांची मुलगी हिच्याच वयाची. उड्या मारायची दोरी घेऊन एकटीच जिन्यात उभी होती, सारखी वर बघत होती. मी म्हटलं, "जा ना, खेळ तिच्याशी."

लेक कठड्याला धरून तिच्याकडे बघत राहिली. "आई, त्यांचे अकरा महिने कधी संपतात?"

"मला काय माहीत, बाळा."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"या वेळी खरं सांग."