आक्काची बक्षिसं

दरवर्षी दूरदर्शनवर राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा लागला, की मी आवाज बंद करते. एखादी अभिनेत्री पदक घ्यायला पुढे येते आणि तिच्या जागी मला आक्का दिसते.

निजामाच्या राज्यात आम्ही गंगाखेडला होतो. वडील तहसील कचेरीत कारकून. आक्का माझी थोरली बहीण, पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. वर्षातून एकदा गावात तंबूतला सिनेमा यायचा. तिला जायची बंदी. मी काकूबरोबर बायकांच्या बाजूला बसून बघायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सगळं सांगायची. तंबू हलला, की आक्का बक्षिसं जाहीर करायची. मासिकातून कापलेल्या नट्यांच्या चित्रांपैकी जिंकलेल्या नटीपुढे चाफ्याचं फूल ठेवायची. फूल माळायला तिला मनाई होती, द्यायला नव्हती.

"नुस्ती रडली म्हणून बक्षीस न्हाई," ती म्हणायची. "रडायला काय, आपली काकूबी लय छान रडते."

शेवटच्या वर्षी गावात गडबड झाल्याची आवई उठली आणि खेळ अर्ध्यातच बंद झाला. त्यातली नायिका विधवा होती. आक्का तेव्हा तापानं अंथरुणावर होती.

"मग पुढं काय झालं गं?"

तिच्या डोळ्यांकडे बघून मला 'ठाऊक नाही' म्हणवेना. मी म्हटलं, ती ट्रंक भरते, सासऱ्यासमोरून चालत स्टेशनावर जाते आणि दूरच्या गावी मुलींच्या शाळेत शिकवायला लागते.

"कुणी अडवलं न्हाई?"

"अडवलं की. ती थांबली न्हाई."

आक्कानं उशाखालच्या कात्रणांतून त्या नटीचं चित्र काढलं. मग म्हणाली, "अवंदा सगळी बक्षिसं हिलाच."

त्याच संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं, "ताप उतरला की मला शिकायला पाठवा." वडील जवळ आले. तिच्या कपाळावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

तापाच्या नवव्या दिवशी ती गेली.

पुढे मी हैदराबादला शिकत असताना तोच सिनेमा पुन्हा लागला. एकटीच गेले. शेवटी नायिका नदीत उतरते आणि पडद्यावर नुसतं पाणी उरतं. लोक उठून गेले, तरी मला उठता येईना.

आक्का गेल्यावर तिच्या खाटेखाली तिची ट्रंक सापडली होती. भरलेली. दोन लुगडी, माझी जुनी पुस्तकं, वर त्याच सिनेमातल्या नटीचं ते चित्र. एवढ्या तापात तिनं ती कधी भरली, कुणालाच कळलं नाही.

ट्रंक माझ्याकडे आहे. अजून मी ती रिकामी केलेली नाही.