पंधरा मिनिटांत येईल असं माणूस

माझी सगळी नोकरी कानांवर झाली. आधी नांदेडला आणि लग्नानंतर लातूरला मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. परगावचे ट्रंक कॉल जोडायचे आणि वेळ झाली की मध्ये तोंड घालून सांगायचं, 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' समोरचा मनापासून बोलतोय की पाठ केलेलं, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. एप्रिलमधल्या त्या दुपारी दारात उभी राहिलेली बाई पाठ केलेलं बोलत होती, हेही कळलं. तरी मी तिला आत घेतलं. दुपारी दोन वाजता माझ्याकडे दुसरं कोण येणार होतं?

पस्तिशीची असेल, चाकूरकडची. सोबत फिटिंग करणारा एक माणूस, दोघांच्या अंगात निळे टी-शर्ट. घराला अलार्म बसवून देतो म्हणाली. मग चोऱ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. प्रत्येक गोष्टीत चोरी होणारी बाई एकटीच राहत होती. "मावशी, तुम्ही एकट्याच का?" हे तिनं तीन तऱ्हांनी विचारलं, तेव्हा मी वैतागून म्हणाले की हो, एकटीच, आता दारावर तशी पाटी लावू का? ती हसली. हसणं मात्र पाठ केलेलं नव्हतं.

तिनं समजावून सांगितलं ते असं. दोन्ही दारांना एकेक डबी आणि भिंतीवर भोंगा. यंत्र चालू असताना दार उघडलं की भोंगा वाजतो आणि त्याच क्षणी कंपनीच्या माणसांना कळतं. ते आधी मला फोन करतात. मी उचलला नाही तर मी लिहून दिलेल्या माणसांना करतात.

माझ्या घरात चोरण्यासारखं काय आहे? एक टीव्ही, आणि ह्यांचा हार घातलेला फोटो. मी नको म्हणणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, शेजारच्या काकूंनी कालच बसवलंय. विकणाऱ्यांची ही जुनी युक्ती, मला काय कळत नाही? पण उठून खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या गेटवर कंपनीचं लाल स्टिकर खरंच चिकटवलेलं होतं. तिच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे मला सोसेना. खोटं कशाला सांगू, मी ते यंत्र त्या एका स्टिकरपायी घेतलं.

शेजारची म्हणजे अक्का. निलंग्याकडची. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. आमची दोन घरं एका भिंतीला भिंत लावून उभी आहेत. भूकंपानंतर आम्ही दोघींनी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एकाच ताडपत्रीखाली दीड महिना काढला. एक स्टोव्ह, दोन घरची पोरं. अक्का भाकरी थापायची आणि मी स्टोव्हला पिन मारत बसायची. घरात परतल्यावरही आम्ही दोघींनी रात्री दाराला वरची कडी कधी लावली नाही, नुसतं दार लोटून घ्यायचो. पळता आलं पाहिजे. चोराची भीती आम्हाला नव्हतीच, छपराची होती.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष आलं. ह्यांनी अंगणात साडेसहाशे फूट बोअर मारला. आम्हाला पाणी लागलं आणि आठ दिवसांत अक्काचा बोअर आटला. ती अंगणातल्या भिंतीशी येऊन म्हणाली की तुम्ही आमचं पाणी ओढून घेतलंत. भिंतीवरून एक पाइप टाकला असता तर भागलं असतं. पण मी म्हणाले, "जमिनीखालचं पाणी कुणाच्या नावावर नसतं." त्या वेळचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. ऑपरेटर पैसे न भरलेल्या गिऱ्हाइकाची लाइन तोडतो, तसा होता तो.

तेव्हापासून बोलणं बंद. हे गेले तेव्हा ती आली, बायकांत तासभर बसली आणि उठून गेली. त्यानंतर एकदा, दोन वर्षांपूर्वी, तिचं कुरिअर माझ्याकडे आलं. ती अंगणात पाठमोरी साड्या वाळत घालत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. मी भिंतीवरून हाक मारली, "अक्का." तिनं मान वळवली नाही. दुसऱ्यांदा मारली. तरी नाही. मी ते पाकीट तिच्या गेटला अडकवलं आणि मनाशी म्हणाले, हात पुढे केला तर ही ढुंकून बघत नाही, आता संपलं.

फॉर्म भरताना खरी अडचण झाली. पंधरा मिनिटांत घरी पोचतील अशी दोन माणसं हवी होती. नाव, नंबर, नातं. मी मुलाचं नाव सांगितलं. तो पुण्यात, म्हणून चालणार नाही म्हणाली. बहीण नांदेडला. एसटीनं यायला तिला अर्धा दिवस लागतो. ऑफिसातली मैत्रीण गुडघ्याचं ऑपरेशन करून मुलीकडे गेली ती तिकडचीच झाली. या गावात मी चाळीस वर्षं राहिले. अर्ध्या लातूरचे फोन मी जोडून दिलेत. आणि दोन ओळी भरायला मला माणसं सापडत नव्हती. मी उठून पाणी प्यायले.

शेवटी पहिल्या ओळीत कामवाल्या बाईचं नाव घातलं. ती चार घरची कामं करते आणि फोन पिशवीत ठेवते, हे मी सांगितलं नाही.

"दुसरं शेजारच्या काकूंचं लिहू का, मावशी?" तिनं विचारलं.

"तिचं नको."

"त्यांनी तर..." म्हणून ती थांबली. मी म्हणाले, त्यांचं मला काही सांगू नका. तिनं दुसऱ्या ओळीत रेघ ओढली.

यंत्र बसलं. दार नीट लागलं नाही की ते हिंदीत 'दरवाजा खुला है' म्हणायला लागायचं, म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा मी कडी लावायला लागले. महिन्यातून एकदा कंपनीचा टेस्ट कॉल यायचा. कधी एक मुलगी, कधी दुसरी. मी त्यांना गाव विचारायची, जेवलीस का विचारायची. तीन मिनिटांच्या आसपास त्यांच्या आवाजाला घाई सुटायची. ती घाई माझ्या चांगली ओळखीची होती, मी मुकाट्यानं फोन ठेवायची. त्या कॉलची मी वाट बघायची, हे मुलाला कधी सांगितलं नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. दुपारचे चार वाजत आले होते, मी मेथी निवडत होते. शेजारचा भोंगा वाजायला लागला. वाजू दे, म्हटलं, हौसेनं बसवलाय तर वाजणारच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढ्यात माझा फोन आला.

"मॅडम, आपल्या बहिणीच्या घरचा अलार्म वाजतोय. त्या फोन उचलत नाहीयेत."

मी म्हणाले, माझी बहीण नांदेडला असते आणि तिच्याकडे असलं काही नाही. मुलीनं पत्ता वाचून दाखवला. गल्ली आमची, घर माझ्या शेजारचं. रेकॉर्डला पहिलं नाव आपलं आहे, म्हणाली. नात्याच्या जागी बहीण लिहिलंय.

"आणि दुसरं नाव?" मी विचारलं.

"दुसरं नाहीये, मॅडम."

मी उठले. चपला उलट्यासुलट्या घातल्या. गेटपासून मागच्या अंगणापर्यंत तीस पावलं असतील, तेवढ्यात मी मनात अक्काला दोनदा पडलेली पाहिली आणि एकदा गेलेली. आणि मी टीव्हीचा आवाज वाढवत बसले होते.

अक्का अंगणात उन्हाला बसली होती. पाठ घराकडे, मांडीवर सूप, सुपात तूरडाळ. मागे भिंतीवरचा भोंगा कानठळ्या बसतील असा ओरडत होता आणि ती निवांत खडे वेचत होती. मी हाक मारली. वळली नाही. माझी सावली सुपात पडली तेव्हा तिनं वर पाहिलं.

"काय गं?" म्हणाली. जणू मी कालच येऊन गेले होते.

मी भोंग्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानांवर हात ठेवले. तेव्हा तिला कळलं. दुपारी आडवं होताना यंत्र चालू केलं होतं आणि बंद न करताच मागचं दार उघडलं होतं. आत जाऊन तिनं आकडे दाबले. भोंगा थांबला. फोन माझ्या हातात चालूच होता. मी त्या मुलीला सांगितलं, सगळं ठीक आहे.

अक्कानं मग सांगितलं, कान जाऊन तीन वर्षं झाली. मशीन आहे, पण ते शिट्ट्या मारतं, म्हणून कपाटात ठेवलंय. तीन वर्षं. मी मनातल्या मनात मागे मोजत गेले आणि त्या साड्यांपाशी येऊन थांबले. जन्मभर कानांची भाकरी खाल्लेली मी, आणि भिंतीपलीकडची बाई बहिरी झाली हे मला कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

माझं नाव का दिलंस, हे मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, मोठ्यानं विचारलं.

"लिव्हायला दुसरं कोण हाय?" ती म्हणाली. "एक पोरगी सोलापुरात, एक निजामाबादला. ती बाई म्हणली, पंधरा मिंटात यील असं माणूस सांगा. तू यिशील का न्हाई, म्हाईत न्हवतं. नातं काय लिव्हू म्हणली. तू अक्का म्हणायचीस, मंग बहीणच झाली की."

तिनं चहा केला. आम्ही उन्हात बसून तो प्यायलो. इतक्या वर्षांचं बोलायचं साचलं होतं माझ्याकडे. त्या बोअरच्या वेळचं वाक्य मागे घ्यायचं होतं. पण ते ओरडून कसं सांगायचं? गल्लीला ऐकू गेलं असतं आणि तिला नाही. मी तिच्या सुपातले खडे वेचू लागले. तिनं सूप माझ्याकडे जरा सरकवलं.

घरी आले तर माझं दार सताड उघडं होतं, टीव्ही तसाच ओरडत होता. कुणी आलं नव्हतं.

संध्याकाळी मी कंपनीला फोन लावला. म्हणाले, माझी दुसरी ओळ रिकामी आहे, नाव लिहून घ्या. नाव सांगितलं, नंबर सांगितला. नातं विचारल्यावर म्हणाले, बहीण. मुलगी रेकॉर्ड बघत असावी, बटणांचा आवाज येत होता.

"मॅडम, या नंबरवर आज आम्हीच चार वेळा फोन केला होता. कुणी उचलला नाही. तुमचा अलार्म वाजला तर त्या उचलतील ना?"

"नाही," मी म्हणाले. "तिला ऐकू येत नाही."

"मग दुसरं कुणाचं नाव देता का?"

"दुसरं कुणी नाही. तिचंच लिहा."