पुरवणीसाहेब

खात्यात त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. शिपायापासून सचिवांपर्यंत सगळे म्हणायचे, पुरवणीसाहेब. परीक्षेत एखादा मुलगा सारखा हात वर करून पुरवणी मागतो, तसा काहीसा त्यांचा प्रकार होता. फरक एवढाच, की हे मागत नसत, यांच्याकडे मागितली जाई. परदेशातल्या हवामान निधीकडे त्यांनी एखादा प्रस्ताव पाठवला, की तिकडून हमखास उत्तर यायचं : मिळाला, आभारी आहोत, आता पुढील माहिती जोडा. ते जोडायचे. मग आणखी काही हवं असायचं.

आधी ते रस्ते विभागात होते आणि पुलाखालच्या मोऱ्या किती रुंद हव्यात याचा हिशोब करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग वरून फर्मान आलं, की समुद्र वाढतोय, त्यासाठी जगात पैसा उपलब्ध आहे आणि तो मिळवायला स्वतंत्र कक्ष पाहिजे. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला, इंग्रजी मसुदा नीट लिहिणारा माणूस शोधताना बोट यांच्यावर पडलं. दारावर पाटी लागली, ‘हवामान निधी कक्ष’. आत एक टेबल, एक कपाट आणि ते स्वतः. कक्ष म्हणजे हेच सगळं.

लोकांना ही बदली म्हणजे अडगळीत टाकणं वाटलं. त्यांना तसं वाटलं नाही, कारण त्यांची थोरली बहीण पट्टीवर राहत होती.

पट्टी म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी जीभ. तिच्यावर मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं होतं, आणि लग्न होऊन ती पट्टीवर गेली तेव्हा शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी तिच्याकडेच काढल्या. दाजींनी त्यांना पोहायला शिकवलं, म्हणजे बकोट धरून सरळ खाडीत फेकलं आणि काठावर बसून हसत राहिले. ती पट्टी आता दर पावसाळ्यात बारीक होत होती. विहिरीचं पाणी खारट झालं होतं. शाळेची एक खोली समुद्राने नेली आणि उरलेल्या खोलीत सगळ्या इयत्ता एकत्र बसत. तेव्हा कक्ष हाती आल्यावर पहिला प्रस्ताव कुणाचा करायचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

निधीने तयारीच्या कामासाठी एक सल्लागार बाई पाठवली. पुरवणीसाहेबांना आधी धाकधूक होती, की ही येऊन चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल आणि निघून जाईल. पण बाई कामाची निघाली. चपला हातात घेऊन ती पट्टीभर फिरली, घराघरात बसली, म्हाताऱ्यांचं ऐकून घेतलं. तिनेच त्यांना समजावलं, की ‘लोकांना हलवायचंय’ असं लिहून भागत नाही. अख्खी वस्ती एकत्र, स्वखुशीने, नव्या जागी जाते आहे, असं दिसलं पाहिजे. आधीच सुटेसुटे निघून गेलेले प्रकल्पात धरता येत नाहीत. नियम तसाच आहे, ती म्हणाली, आणि तो मी केलेला नाही.

हा नियम पट्टीवर जाऊन सांगायचं काम अर्थातच पुरवणीसाहेबांकडे आलं.

शाळेच्या ओट्यावर बैठक भरली. आतल्या बाजूला माळावर सरकारी जमीन बघून ठेवली आहे, त्यांनी सांगितलं. तिथे घरं, शाळा, नळ, आणि खाडीपर्यंत जायला रस्ता, म्हणजे धंदाही सुटणार नाही. पण जायचं ते सगळ्यांनी मिळून. कुणी मध्येच उठून गेलं तर त्याचं नाव गळेल, आणि फार जण गेले तर प्रस्तावच पडेल. लोक ऐकत होते. होड्या बांधणारा सुतार पट्टीवरचा सगळ्यात वजनदार माणूस होता. तो म्हणाला, की माझ्या मेव्हण्याने शहरात गोदीवर काम बघितलंय, जागाही बघितलीय. आत्ता गेलो नाही तर ती दुसरा कुणी घेईल. किती दिवस थांबायचं?

पुरवणीसाहेब अडखळले. वर्ष, दोन वर्षं, ते म्हणाले. तसंच सल्लागार बाईने त्यांना सांगितलं होतं.

सुताराचा चेहरा काही खुलला नाही. तेव्हा मागे बायकांत बसलेली ताई उभी राहिली. एरवी चारचौघांत ती तोंड उघडत नसे.

“हा माझा भाऊ आहे,” ती म्हणाली. “लहानपणापासून बघतेय. तोंडदेखलं बोलायची याला सवय नाही. याने थांबा म्हटलंय तर थांबू या.”

आणि पट्टी थांबली. सुताराने गोदीचं काम सोडून दिलं.

प्रस्ताव गेला. पहिल्या खेपेला निधीने विचारलं, की जमीन जाते आहे ती समुद्र वाढल्यामुळे, की खाडीच्या तोंडाशी वाळू उपसल्यामुळे? दोन्हींमुळे, असं उत्तर गेलं. मग प्रश्न आला, कशामुळे किती? हे सांगायला बंदरातल्या भरतीमापकाच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. बंदरात चौकशी केली तर मापक कैक वर्षं बंद पडलेला, आणि तिथला कारकून अंदाजाने आकडे भरत आलेला. सल्लागार बाई हे ऐकून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. परदेशातल्या एका विद्यापीठाकडून उपग्रहाची चित्रं मिळवण्यात पुढचं वर्ष गेलं. ती आली तोवर बाईचा करार संपला होता. जाताना तिने पुरवणीसाहेबांचा हात हातात घेतला. तिच्या जागी आलेला गृहस्थ पडद्यावरूनच बोलायचा. त्याने सांगितलं, की निधीच्या अर्जाचा नमुना बदलला आहे, सगळं नव्याने मांडा.

मांडलं. तेवढ्यात सचिव बदलले. नवे म्हणाले, अनुदानासाठी कशाला ताटकळता, कर्ज मागा, लवकर मिळतं. अर्थखात्याने त्याला साफ नकार दिला. मासेमारांची घरं बांधून कर्ज फिटत नसतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही चूक बोलत नव्हते. मग माळावरची जमीन गेली. तिथे सौरऊर्जेचा प्रकल्प आला. त्याचा पैसा त्याच निधीच्या दुसऱ्या खिडकीतून बघता बघता उभा राहिला, कारण वीज विकता येते. माणसं हलवून विकण्यासारखं काहीच तयार होत नाही. पुरवणीसाहेबांनी नवी जमीन शोधायला घेतली.

सुट्टीच्या दिवशी ते पट्टीवर जायचे तेव्हा लोक विचारायचे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायचे, की कागद पुढे सरकलाय. सरकलेला असायचाही. पण हळूहळू विचारणारे कमी झाले. ताई मात्र प्रत्येक वेळी निघताना बजावायची, की तब्येतीला जप, या लोकांच्या नादाने झोप उडवून घेऊ नकोस. सुनेला माहेरी जायचं होतं, मुलांच्या शाळेसाठी. ताईने तिला अडवून धरलं. आपणच गेलो तर बाकीचे काय म्हणतील?

पुढच्या पावसाळ्यात, भर दुपारी, समुद्र खाडीला जाऊन मिळाला. वादळ म्हणावं असंही काही नव्हतं. मोठी भरती आणि मागून वारा, एवढंच. लोक शाळेकडे पळाले. दाजी होडीचं इंजिन काढून आणायला मागे गेले, कारण इंजिन गेलं तर खायचं काय? ते आपल्या घराच्या ओट्यापर्यंत परतही आले होते. घराची बाहेरची भिंत पाण्याने आतून पोखरली होती, ती त्यांच्या अंगावर कोसळली.

पुरवणीसाहेब पोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं. सुतार आणि आणखी दोघे विटा बाजूला करत होते. पुरवणीसाहेब बूट काढून त्यांच्यात वाकले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी वावगा शब्दही काढला नाही. दाजींचं सगळं उरकल्यावर सुताराने हात धुतले आणि त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“साहेब, आता आम्ही निघतो,” तो म्हणाला. “नावं गळली तरी चालतील.”

पाऊस संपायच्या आत पट्टी रिकामी झाली. कुणी शहराच्या कडेला, कुणी नातेवाइकांच्या पडवीत, कुणी बाजाराच्या मागे पत्रे ठोकून राहिलं. गोदीवर आता माणसं नको होती. सुतार एका फर्निचरच्या कारखान्यात लागला आणि दिवसभर एकाच मापाच्या फळ्या कापू लागला. त्याच्या हातची शेवटची होडी पट्टीवरच राहिली. म्हातारी चारदोन माणसं तेवढी शाळेच्या खोलीत राहिली, त्यांना कुठे जायचंच नव्हतं.

आणि मग निधीचं उत्तर आलं, मंजूर.

खात्यात आनंदीआनंद झाला. चहा-बिस्किटं आली. सचिवांनी पुरवणीसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला, अशा विषयात मंजुरी मिळवणारे आपणच पहिले म्हणून. पुरवणीसाहेबांनी मंजुरीपत्र शेवटपर्यंत वाचलं. पैसा घरांसाठी नव्हता. वस्तीचं पुनर्वसन कितपत शक्य आहे, याच्या अभ्यासासाठी होता.

ते ताईकडे गेले. ती आता बर्फाच्या कारखान्यामागे एका खोलीत राहत होती. मुलगा आणि सून नातवंडांना घेऊन सुनेच्या माहेरी गेले होते. सकाळपासून ताई खोक्यांत मासळी आणि बर्फ भरायची. बोटांची कातडी पांढरी पडून फुटली होती. खोलीत एकच खुर्ची होती, ती तिने त्यांना दिली आणि स्वतः खाटेवर बसली.

“मंजूर झालं, ताई.”

“काय मंजूर झालं?”

“अभ्यास. लोकांना हलवता येईल का, याचा.”

ती टॉवेलने हात टिपत होती. “कुठल्या लोकांना?” तिने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

टॉवेल खाटेच्या कडेला टाकून ती म्हणाली, “तुला मी दोष देत नाही हं. लोकही तुला देत नाहीत. तुझी नोकरी होती. ते मला देतात. शब्द मी टाकला ना. सुतार बाजारात दिसला तर पलीकडच्या बाजूने जातो. त्याची बायको माझ्यासोबत कामाला आहे, एका टेबलावर, पण बोलत नाही.”

“मी बोलू त्याच्याशी?”

“नको. तू आणखी काही बोलू नकोस.”

निघताना ती त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली, लहानपणी यायची तशी. पण तब्येतीला जप म्हणाली नाही.

त्या दिवसापासून पुरवणीसाहेबांची झोप उडाली. बायकोने एकदा सुचवलं, की रस्ते विभागात परत बदली मागून घ्या. त्यांनी अर्ज केलाही. सचिवांनी तो हसून परत दिला. एवढं यश मिळाल्यावर तुम्हाला कोण सोडतंय, म्हणाले, आणि वर एक काम दिलं. पट्टीवर अभ्यासाला माणसं उरली नाहीत, ते निधीला कळवण्याची घाई नको. किनाऱ्यावर उत्तरेला तशीच आणखी एक वस्ती आहे. जाऊन बैठक घ्या, त्यांना एकत्र थांबायला सांगा, तोच प्रस्ताव तिकडे वळवू.

ते गेले. वस्ती पट्टीपेक्षा मोठी होती, दुकानं होती, देखणी पक्की घरं होती, आणि सगळ्यात पुढची रांग आत्ताच पाण्याला टेकली होती. लोक जमले. सुताराने विचारलं होतं तेच पहिल्या रांगेतल्या बाईने विचारलं, की किती दिवस थांबायचं?

पुरवणीसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“थांबू नका,” ते म्हणाले. “मला तुम्हाला थांबवायलाच पाठवलंय, पण थांबू नका. ज्याला जिथे सोय लागेल तिथे त्याने जावं, अजून घरं विकली जातायत तोवर. पैसा येईल तेव्हा तुम्ही इथे नसाल.”

मग किराणा दुकानदार उठला. माणूस शांत होता, चार बुकं शिकलेला.

“सरकारी माणूस पगार घेतो आणि सरकारने सांगितलं त्याच्या उलट सांगतो, असं कधी झालंय का?” त्याने लोकांकडे वळून विचारलं. “किनारा कुणाला तरी रिकामा हवाय. हॉटेल असेल, बंदराचा धक्का असेल. म्हणून स्वस्तात विका म्हणतायत.”

पुरवणीसाहेबांनी पट्टीची हकिकत सांगितली. बहिणीचं सांगितलं, दाजींचं सांगितलं. जसजसं ते सांगत गेले तसतसे चेहरे बंद होत गेले. एवढं तपशिलात खोटं बोलायला किती तयारी करून आलाय, असं त्या चेहऱ्यांवर दिसत होतं. तिथल्या तिथे ठरलं, की वस्तीतलं कुणीही घर विकायचं नाही, कुणीही जायचं नाही. जो जाईल तो आपला नाही. हात वर झाले, आणि पहिल्या रांगेतल्या बाईचाही हात वर झाला.

ते गाडीपाशी आले तर ड्रायव्हर म्हणाला, की भरती लागली, रस्त्यावर पाणी आलंय, उतरेपर्यंत निघता येणार नाही. दुकानदाराने दुकानातून खुर्ची आणि पाण्याचा तांब्या पाठवला. पाहुण्याला उन्हात उभं ठेवायची त्यांची रीत नव्हती. पुरवणीसाहेब त्या खुर्चीवर बसले. लोक आपापल्या दारांत उभे राहून त्यांच्याकडे बघत होते, आणि रस्ता वर यायची वाट बघत ते बसून राहिले.