उंबऱ्याबाहेरच्या बायडाक्का

बायडाक्का कुणाच्याही दारात गेल्या की आधी हाताला काम मागायच्या. घरातली बाई शेंगा फोडत असेल तर तिच्यापुढचं सूप आपल्याकडे ओढायच्या, लसूण सोलत असेल तर अर्धा लसूण मांडीवर घ्यायच्या. घरात शिरायच्या नाहीत, उंबऱ्याबाहेर बसायच्या. तासाभराने मांडीवरची टरफलं झटकून उठायच्या आणि "येते गं" म्हणून निघायच्या. बायडाक्का एचआयव्ही तपासणीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, आणि त्या तासाभरात एचआयव्ही हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघालेला नसायचा.

मी कुंडलजवळच्या एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक. तपासणीच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलायचं, हे माझं काम. बायडाक्कांना समुपदेशक हा शब्द म्हणता यायचा, पण त्या म्हणायच्या नाहीत. मी त्यांच्या लेखी "बोलणारं सर" आणि रक्त घेणाऱ्या बाई "टोचणाऱ्या म्याडम". पहिल्याच दिवशी मी त्यांना चित्रांचं माहितीपुस्तक दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे घिऊन दारात उभं ऱ्हायलं की शेजारीण बघती. तिला ह्यातलं एक चित्तर दिसलं तर त्या घराचं वाटोळं. तुमीच ठिवा."

मला रागच आला. चार दिवसांचं प्रशिक्षण, पंख्याखाली डुलक्या आणि गारढोण जेवण सोसून मी ते पुस्तक आणलं होतं.

त्याच वर्षी वरून आदेश आला. लोक आपणहून तपासणीला यावेत म्हणून कोणती पद्धत चांगली, याची तुलना करून अहवाल पाठवा. आमच्याकडे आदेश आला की आधी तक्ता छापला जातो, मग काम सुरू होतं. पहिली पद्धत पथनाट्याची. एका गावच्या जत्रेत आम्ही कर्णा लावला, यमाच्या वेशातला एक नट रेड्याचा मुखवटा घेऊन नाचला आणि लोक पोट धरून हसले. शेजारी तपासणीची गाडी दार उघडून उभी होती. दिवसभरात तिच्याकडे एक म्हातारबाबा आले, तेही डोळ्यात घालायचं औषध मागायला.

परतताना बायडाक्का म्हणाल्या, "आवं सर, जत्रंत सारं गाव हाय. त्या गाडीची पायरी चढायची म्हंजे नवरदेवागत घोड्यावर बसायचं. कोण चढंल?"

दुसरी पद्धत आमच्या साहेबांच्या डोक्यातली. शाळेत शुगर-बीपीचं शिबिर ठेवायचं, आणि रक्त घेतच आहोत तर त्यातच एचआयव्हीही बघून टाकायचं. रांग लागली ती पार फाटकापर्यंत. साहेब खूश. तेवढ्यात बायडाक्का टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि एकेकाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायला लागल्या, "शुगरसंगट ती दुसरी बी तपासायची का? तुमची मर्जी आसंल तरच." निम्मी रांग चपला घालून चालती झाली. साहेब तणतणत आले.

"बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?"

"ज्येचं रगात हाय त्येच्या," बायडाक्का म्हणाल्या.

साहेबांनी नंतर मला सांगितलं, हिला पुढच्या शिबिराला आणू नका. मी मान डोलावली. बायडाक्कांचं बरोबर आहे हे मला कळत होतं, तरी डोलावली. त्याची लाज अजून वाटते.

तिसरी पद्धत बायडाक्कांची. एकदा जायचं, दोनदा जायचं, शेंगा फोडायच्या, लेकीसुनांची चौकशी करायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला घरातली बाई आपणच विचारायची, "आक्का, तुमी कसल्या खात्यात हाय?" मग त्या हातातली शेंग न थांबवता सांगायच्या, "माझा मालक एड्सनं गेला बघ. मला बी हाय. बारा वर्सं गोळ्या खातीया आन् तुझ्या शेंगा फोडतीया." समोरचीचा हात थांबायचा. आठ-पंधरा दिवसांनी तीच बाई डोक्यावरून पदर ओढून माझ्या खोलीत यायची, कधी कधी नवऱ्याला घेऊन. अहवालाच्या तक्त्यात मात्र रकाना होता, "एका भेटीत किती जण तपासणीस तयार झाले". बायडाक्कांच्या पहिल्या भेटीत कधीच कुणी तयार झालेलं नसायचं. मी तिथे शून्य लिहिलं. तक्त्याला शेंगा कळत नाहीत, आणि तक्ता बदलून मागण्याइतका दम माझ्यातही उरला नव्हता.

गुप्ततेबद्दल मी शिकलो तेही त्यांच्याकडूनच. एकदा त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"कुणी इचारलं, अमका आला हुता का, तर काय सांगाल?"

"आला नसेल तर नाही म्हणेन. आला असेल तर सांगता येत नाही म्हणेन."

"झालं! म्हंजे तुमी 'सांगता येत न्हाई' म्हनलासा की त्येला कळलंच. आला आसू दे न्हाईतर नसू दे, एकच उत्तर द्यायचं."

त्या दिवसापासून मी कुणालाही, कुणाबद्दलही, "सांगता येत नाही" हे एकच उत्तर देत आलो.

आता हणमंतचं सांगतो. हे मी त्याला विचारून लिहितो आहे, आणि हे त्याचं खरं नाव नाही. हणमंत बायडाक्कांचा पाठचा भाऊ. आमच्याकडचे बरेच लोक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले असतात. बायडाक्कांचा नवरा आणि हणमंत दक्षिणेतल्या एका शहरात हाच धंदा करत, एका खोलीत राहत आणि रात्रीचे बाहेरही बरोबरच जात. नवरा तपासणी न करताच खंगला आणि शेवटी कळलं तेव्हा उशीर झाला होता. बायडाक्कांनी ते गावात झाकून ठेवलं नाही. हणमंतने त्या दिवसापासून बहिणीला घर बंद केलं. "माझ्या पोरींची लग्नं व्हायाची हायती," एवढंच म्हणाला. बायडाक्कांचा जीव मात्र त्याच्यात अडकला होता. नवऱ्याबरोबर राहिलेल्या भावाने एकदा रक्त तपासून घ्यावं, यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको होतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या त्याच्या दारात जाऊन बसायच्या. त्या दिसल्या की हणमंत रानाची वाट धरायचा. भावजय चोरून सूप पुढे सरकवायची.

"त्यांना सरळ सांगा ना, आक्का," मी म्हटलं.

"एकदा सरळ बोलले तर दार बंद झालं. आता त्यो इचारंल तवा सांगीन."

पुढे कोरेगावच्या तपासणी केंद्रातली जागा रिकामी झाली आणि आठवड्यातून दोन दिवस मला तिकडे पाठवायला लागले. एका गुरुवारी दार उघडलं आणि हणमंत आत आला. मला बघून तो पाठमोरा झाला, मग परत वळला आणि खुर्चीत धपकन बसला.

"ओळख लागू नये म्हून पॅसेंजरनं हितवर आलो, तर हितं बी तुमीच!"

मी म्हटलं, इथलं बाहेर जात नाही. तो कडवट हसला. "आमच्या गावाकडं आसलं काय झाकून ऱ्हातंय व्हय?" पण त्याने रक्त दिलं. काय निघालं ते मी इथेही सांगणार नाही. रिपोर्ट हातात देताना मी म्हटलं, "आक्कांच्या कानावर एवढं जाऊ दे. फार काळजी करतात." तो "बरं" म्हणाला आणि गेला.

पुढच्या महिन्यात बायडाक्का आल्या त्या खुलून. "सर, ह्या खेपेला हणमंता रानात गेला न्हाई. पाणी दिलं मला." त्याच्या पुढच्या महिन्यात चहा. मग एकदा तो शेजारी बसला आणि त्याने चार शेंगा फोडल्या. "आता इचारंल बघा," त्या म्हणायच्या. मी रजिस्टरमध्ये डोकं घालायचो. त्याने बहिणीला अजून सांगितलेलं नाही, हे मला कळत होतं.

असं दीड वर्ष गेलं. त्यांचे गुडघे सुजायला लागले होते. एका सोमवारी एसटी चुकली म्हणून त्या चालत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि बराच वेळ पाय चोळत राहिल्या.

"सर, एकदाच इचारते. माझा हणमंता कवा आला हुता का तपासायला?"

"सांगता येत नाही, आक्का."

त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. चुकलंच माझं. परत न्हाई इचारायची." आणि तेच गुडघे घेऊन त्या भावाच्या गावाकडे निघाल्या. मला त्या दिवशी माझ्या नोकरीचा वीट आला.

गेल्या हिवाळ्यात त्या हृदयविकाराने गेल्या. दहाव्याला नदीवर हणमंत मला बाजूला घेऊन गेला.

"आक्का शेवटाला माझ्याबद्दल काय म्हनली?"

"काय म्हणणार? तुम्ही कधी विचाराल याची वाट बघत होत्या. तुम्ही तपासून घ्यावं एवढंच त्यांच्या मनात होतं."

"म्हंजे? तिला ठावं न्हवतं?"

"नाही."

"तुमी सांगितलं न्हाई?"

"नाही."

"आवं, कानावर जाऊ दे म्हनलासा तवा मला वाटलं तुमीच घालणार. दुसऱ्या म्हयन्याला ती आली. काय बोलली न्हाई, इचारलं न्हाई, नुसती शेंगा फोडीत बसली. म्या म्हनलं, हिला कळलंय सारं, माझी लाज राखतीया." त्याने टॉवेल तोंडाला लावला. "म्हून तर म्या तिला पाणी दिलं, सर."