खालून उघडी जाळी

दसरू हे त्यांचं नाव. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्याकडे अशा माणसाला मोठेबाबा म्हणतात. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला, तो त्यांच्यामुळे. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात मी त्यांच्याशी कसा वागलो तेही येणार आहे.

त्यांच्या हातची जाळी माझ्याच खांद्यांवर उभं राहून कापली गेली.

गोंदियातल्या आमच्या कॉलेजचं सिमेंटचं मैदान. बास्केटबॉलच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आम्ही तीन गुणांनी जिंकलो होतो. शेवटचे दोन फ्री थ्रो माझे होते. पोरं नाचत होती. आमचा कॅप्टन निखिल. त्याच्या वडिलांची राइस मिल, आमच्या जर्स्या त्यांनीच दिलेल्या. निखिलनं मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी टीमचा व्हिडिओ पाहिला होता. जिंकलेली टीम रिंगची जाळी कापते आणि तुकडे वाटून घेते. त्याला तसंच करायचं होतं. ऑफिसातून कात्री आली. शिडी नव्हती.

"ए मच्छी, बैठ नीचे," तो म्हणाला.

मी बसलो. तो बुटांसकट माझ्या खांद्यांवर चढला. मी उठून उभा राहिलो. वर कात्री चालत होती. रिंगला बारा आकडे, त्यांत अडकवलेले जाळीचे बारा फासे. एकेक फासा कापला की निखिलचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जायचा आणि बुटाची कड माझ्या हाडात रुतायची. मी मोजत होतो. बारा.

खाली उतरून त्यानं तुकडे केले. दहा पोरांना दिले, एक स्वतः ठेवला. सरांना दिला. समोर खुर्चीवर बसलेल्या त्याच्या वडिलांना दिला. मी हात पुढे केला.

"तुझको क्या करना बे? तेरे घर तो ढेर पड़ा है."

सगळे हसले. मीही हसलो. तीन वर्षं हेच करत होतो. ते हसले की मी हसायचो.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. वर निखिल, हातात कात्री, तोंडभर हसू. त्याच्या बुटांखाली दोन खांदे. फोटो तिथंच संपलेला. माझं डोकं त्यात नव्हतं.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. नवेगाव बांधचं तळं, तेच आमचं शेत. माझे वडील कामाला म्हणून परराज्यात गेले ते परत आले नाहीत. मी तेव्हा दुसरीत होतो. मोठेबाबांनी मला आणि आईला आपल्या घरात घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा, माझा दादा, सातवीनंतर डोंग्यावर, आमच्या लहान होडीवर, गेला. मला मात्र त्यांनी डोंग्यात बसू दिलं नाही. "तू पुस्तक धर. जाळं धराले आमी हाओन ना."

तरी जाळं फेकायला मी शिकलोच. मनगट कसं सोडायचं, जाळं हवेत कसं उघडतं, हे त्यांच्याकडे बघून शिकलो. शाळेत बास्केटबॉलची एक गंजकी रिंग होती. तिच्यावर बॉल टाकताना मनगट तसंच सुटायचं. बॉल जायचा. गुरुजी म्हणाले, हा पोरगा कॉलेजात खेळेल. खेळलो.

कॉलेजच्या रिंगवर जाळी नव्हती. पावसात सडून गेलेली. शेवटच्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या वेळेस सरांना कळलं की माझ्या घरी जाळी विणतात. "अरे मग आण ना घरून. आपल्याच टीमसाठी." मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की आज माझाच राग येतो. आपलीच टीम. मी सुट्टीत गावी गेलो, मोठेबाबांना माप सांगितलं. वर गोल, बारा फासे, एवढी लांबी. बाकी काही सांगितलं नाही. सांगायला हवं हे डोक्यातच आलं नाही.

आठ दिवसांनी ते स्वतः जाळी घेऊन बसनं गोंदियाला आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर शेला, हातात पिशवी. मैदानाच्या कडेला उभे राहिले. पोरांनी जाळी बांधली. पांढरी शुभ्र. एकसारख्या गाठी, बोटानं चाचपल्या तरी मागंपुढं नाही. निखिलनं पहिला बॉल टाकला.

बॉल आत गेला आणि आतच राहिला.

जाळी खालून बंद होती. मोठेबाबांनी ती तळाशी आवळून, दुहेरी गाठ मारून बंद केली होती. जन्मभर तेच केलेलं. जाळं खालून उघडं ठेवणारा ढिवर कोणी पाहिला आहे का?

मैदान हसत सुटलं. "काका, बॉल को मछली समझ लिया क्या?" "अबे पकड़ लिया, पकड़ लिया! शाम को रस्सा बनेगा!" बॉल वर लटकत होता. मोठेबाबांना काय झालं ते कळेना. ते माझ्याकडे बघत होते. आणि मीही हसत होतो.

सर जवळ आले. हसू आवरत त्यांनी विचारलं, "कोण रे हे? घरचे का तुझे?"

मी म्हणालो, "नाही सर. गावचे आहेत. जाळी विकतात."

एवढंच बोललो. कोणी मारलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. माझ्याच तोंडातून गेलं.

मोठेबाबा लिंबाखाली बसले. त्यांनी तळाची गाठ नखानं, मग दातानं सोडवली. काठ पुन्हा विणून उघडा केला. एका तासात जाळी तयार. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. वाटेत बोलले, "बाबू, खालून उघडी पायजे होती त सांगाचं नाही का? मी मनलं, पकडाची नाही त जाळी कायले लावतेत?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांना कमी ऐकू येतं. सरांशी मी काय बोललो ते त्यांनी ऐकलं नसणार, अशी मी मनाची समजूत घातली.

बस लागली. चढता चढता ते वळले.

"तुया सराले सांगजो. जाळी विकत नाही देल्ली मनून. घरच्या पोराले देल्ली."

बस निघून गेली.

मी सरांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो. हंगाम सुरू झाला.

त्या हंगामात मी काय काय गिळलं ते लिहितो. आमगावला मॅच असली की पॅसेंजरनं जायचो. मी डब्यात चढलो की निखिल ओरडायचा, "खिड़की खोलो रे, मच्छी आया." पाण्याची एकच मोठी बाटली. अकरा पोरं तिला तोंड लावून प्यायची, एकामागून एक. माझी पाळी आली की बाटली उंच जायची. "हाथ कर." मी ओंजळ करायचो. ते वरून ओतायचे. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. आताच्या काळात, कॉलेजात, एका रंगाच्या जर्सीत. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, गंमत आहे. दहाव्यांदा झालं तेव्हाही मला गंमतच वाटावी असं मी स्वतःला सांगत होतो. कारण मला खेळायचं होतं. विद्यापीठाच्या संघाची निवडचाचणी त्या वर्षी आमच्याच मैदानावर होणार होती. आमच्या कॉलेजातून चार नावं जाणार होती. माझं जाईल असं सगळेच म्हणत होते. विद्यापीठाची जर्सी मिळाली असती तर पुढच्या नोकरीचं दार उघडलं असतं. तेवढ्यासाठी मी ओंजळ करत होतो.

आणि मग ती कात्री.

फोटो पाहिल्यानंतर मी मैदानावर परत गेलो. कँटीनच्या मागं, चहाच्या कपांच्या ढिगात, जाळीचा एक तुकडा पडलेला दिसला. कोणीतरी त्याच दिवशी फेकून दिला होता. मी उचलला. त्यात एक गाठ होती, लिंबाखाली पुन्हा विणलेल्या काठाची. मला ती ओळखू आली.

चार दिवसांनी सराव. सगळे बारा जण हजर. सर म्हणाले, "चाचणीला बाहेरचे लोक येणार. रिंग नागडी बरी दिसत नाही. तुझ्या त्या गाववाल्याला सांग, दोन जाळ्या पाठव म्हणावं. अन् या वेळेस खालून उघड्या." पोरं हसली.

मी हसलो नाही.

"सर, ते गाववाले नाहीत. ते माझे मोठेबाबा आहेत. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. आणि ते जाळी देणार नाहीत."

"देणार नाहीत म्हणजे?"

"मी मागणार नाही."

निखिल पुढे आला. "अरे, मच्छी को गुस्सा आ गया!"

मी म्हणालो, "माझं नाव घे."

"क्या?"

"तीन वर्षं एका टीममध्ये आहोत. माझं नाव घेऊन बोल."

त्यानं तोंड उघडलं. बंद केलं. बाजूच्या पोराकडे पाहिलं. त्या पोरानं खाली पाहिलं. तेव्हा मला कळलं. तो नाव घ्यायला नकार देत नव्हता. त्याला ते माहीतच नव्हतं. त्यानं तीन वर्षं माझ्याकडून पास घेतले, माझ्या खांद्यांवर चढला, आणि मी कोण हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही.

सर मला बाजूला घेऊन गेले. आवाज मऊ केला. "बघ, चार नावं मलाच पाठवायची आहेत. एवढ्याशा सुतळीसाठी कशाला बिघडवतो? विचार कर."

"विचार करूनच बोललो, सर."

माझं नाव गेलं नाही. चाचणी मी कुंपणाबाहेर उभा राहून पाहिली. दोन्ही रिंगवर नव्या जाळ्या होत्या. दुकानातल्या. एका दिवसात आल्या होत्या. म्हणजे दुकानात जाळी मिळत होती. आधीही मिळत होती. फक्त आमच्याकडून फुकट घेता येते, मग हसताही येतं, मग पाय देऊन कापताही येते, म्हणून दुकानात जायची कोणाला गरज वाटली नव्हती.

मला कोणी सांगतं, एवढं मनाला लावून घेऊ नये, पोरं आहेत, गंमत करतात. मी विचारतो, त्या गमतीत ओंजळ नेहमी माझीच कशी? एकदा तरी निखिलला हात जोडून पाणी प्यावं लागलं का?

आता मी आमगावच्या एका खासगी शाळेत मुलांना खेळ शिकवतो. पहिल्या दिवशी मी सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि रात्रीतून पाठ केली. माझ्या मैदानावर टोपणनाव चालत नाही. पाण्याची बाटली एक असेल तर सगळे वरून पितात. मी सुद्धा.

मागच्या आठवड्यात निरोप आला. दुकानातल्या जाळ्या पहिल्याच पावसात तुटल्या. नवा हंगाम तोंडावर आहे. आमच्या गावची एक मुलगी आता त्या कॉलेजात आहे. सरांनी तिला सांगितलं, म्हाताऱ्याला कळव, कॉलेजातून माणूस जाळी न्यायला येईल. मोठेबाबांनी सूतही काढून ठेवलं, असं ती म्हणाली. मोठेबाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. वाचता येत नाही. तरी मी पत्रच लिहिलं, दादाच्या बायकोनं, वहिनीनं, वाचून दाखवावं म्हणून. ते असं:

तीर्थरूप मोठेबाबा यांस साष्टांग नमस्कार.

वहिनी, हे पत्र तूच वाचशील. घरात बसून वाचू नको. अंगणात वाच, मोठ्यानं वाच, शेजारचे ऐकतील असं वाच. मी जे केलं ते चार लोकांत केलं होतं, म्हणून हेही चार लोकांत वाचलं जावं.

मोठेबाबा, मैदानावर सरांनी मला विचारलं होतं, हे तुझे कोण. मी म्हणालो, गावचे आहेत, जाळी विकतात. तुम्ही ते ऐकलं होतं. ऐकूनही तुम्ही लिंबाखाली बसून काठ विणला. मी तुम्हाला ओळख दिली नाही, तरी तुम्ही मला घरचा पोरगा म्हणालात. याची माफी मागून ती मिळते का मला माहीत नाही. मी मागतो.

ती जाळी जुनी होऊन गेली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. खोटं होतं. त्यांनी ती कापली. माझ्या खांद्यांवर उभं राहून कापली. मी उभा राहिलो म्हणून त्यांचा हात पोहोचला. एक तुकडा मला सापडला, तो सोबत पाठवतो. गाठ तुमची आहे, हात लावून बघा.

बंद जाळी विणली म्हणून ते तुम्हाला हसले. ते हसले की आपण कसं हसू नये हे मी आता शिकलो. उशिरा शिकलो. तुमची चूक नव्हती. माप मी दिलं होतं. जिथं सगळं आपल्या हातून निघून जातं आणि काहीच आपल्याजवळ राहत नाही, अशी जाळी तुम्ही कधी विणलीच नव्हती.

काढलेलं सूत डोंग्यावर दादाला द्या. कॉलेजसाठी एक गाठही मारू नका. माझं काही अडत नाही. अडायचं ते अडून झालं.

त्यांचा माणूस येईल. त्याला अंगणात खाटेवर बसवा. पाणी द्या. पेल्यात द्या, ओंजळीत नको. तुम्ही माझे कोण ते त्याला सांगा, माझं पूर्ण नाव सांगा, आणि त्याच्याकडून ते एकदा म्हणवून घ्या.

आणि रिकाम्या हातानं परत पाठवा.

तुमचा,
घरचा पोरगा